वाचकांची वही कोणाच्या हाती?

लेखणीवर पोट भरणारा माणूस आणि त्याचा वाचक यांची गाठ कशी पडते, हा विषय आम्ही निवडला तेव्हा आमच्या काही मित्रांना ते जरा चमत्कारिक वाटले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी आणि कामाचे तास ही आमची बाराखडी. साहित्याशी आमचा संबंध आला तो सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि तोही पाळी सुटल्यानंतर. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या कचेरीत एका नव्या प्रकारचा कामगार येऊ लागला आहे. तो घरी बसून लेख लिहितो, भाषांतरे करतो, कंपन्यांची माहितीपत्रके तयार करून देतो आणि नगावर पैसे घेतो. त्याला हजेरीपत्रक नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, आणि आपला मालक नेमका कोण हेही पुष्कळदा त्याला धड सांगता येत नाही. इंग्रजीत त्याला फ्रीलान्स लेखक म्हणतात. त्याचे गाऱ्हाणे ऐकता ऐकता आम्ही त्याच्या धंद्याचा इतिहास वाचू लागलो. त्यातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

प्रथम या शब्दाविषयी. सर वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी १८१९ च्या अखेरीस निघाली. पैसे घेऊन कोणाच्याही बाजूने लढणाऱ्या भालाईतांना त्याने तीत हे नाव दिले आहे. आमच्याकडे याला जवळचा शब्द आहे शिलेदार. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. बारगिराचा घोडा मात्र सरकारचा असे. चाकरी सुटली की शिलेदार घोड्यावर बसून दुसरा धनी गाठी, आणि बारगीर पायी घरी जाई. लेखकाच्या बाबतीत घोडा म्हणजे त्याचा वाचकवर्ग. ज्याच्यापाशी स्वतःचा वाचकवर्ग आहे त्याला संपादक आणि गिऱ्हाईक दर विचारतात. ज्याच्यापाशी नाही त्याला दर सांगतात.

आता हा वाचकवर्ग आपला आहे की नाही, हे ओळखायचे कसे? संघटनेच्या कामात याचा एक धडा आम्हांला पहिल्याच वर्षी मिळाला. पाळी सुटण्याच्या वेळी फाटकावर सभा घेतली तर हजार माणसे सहज थांबतात. घोषणा होतात, टाळ्या पडतात, आणि नव्या कार्यकर्त्याला वाटते, हजार सभासद झाले. दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन तो खात्याखात्यांतून फिरतो तेव्हा साठ पावत्या फाटतात. हे साठ लोक तेवढे सभासद. त्यांची नावे व पत्ते आपल्या नोंदवहीत असतात. मालकाने उद्या फाटकावरची सभा बंद पाडली तरी त्यांच्या घरी जाता येते. बाकीचे नऊशे चाळीस श्रोते. त्यांना आम्ही कमी लेखत नाही, कारण ते थांबलेच नसते तर साठही मिळाले नसते. परंतु श्रोता आणि सभासद यांतला भेद ज्याला कळला नाही, त्याची संघटना पहिल्या टाळेबंदीत मोडते. लेखकांच्या इतिहासात हाच भेद आम्हांला जागोजाग आढळला.

इंग्लंडात अठराव्या शतकाच्या आरंभी लेखकाला दोनच दारे होती. एक सरदाराचे, दुसरे पुस्तकविक्रेत्याचे. सरदार मर्जी असेतोवर देई. पुस्तकविक्रेता हस्तलिखित एकदाच ठोक विकत घेई, आणि मग त्याच्या कितीही आवृत्त्या निघोत, लेखकाचा त्यांच्याशी संबंध उरत नसे. अलेक्झांडर पोप या कवीने तिसरे दार उघडले. तो कॅथलिक असल्यामुळे विद्यापीठ आणि सरकारी नोकरी त्याला बंद होती, प्रकृतीही अधू होती. तेव्हा लेखणीवाचून गत्यंतर नव्हते. होमरच्या ‘इलियड’चे भाषांतर सहा खंडांत काढायचे, दर खंडास एक गिनी, आणि त्यासाठी वर्गणीदार आगाऊ जमवायचे, असा त्याने बेत केला. ५७५ वर्गणीदार मिळाले. १७१५ ते १७२० या काळात सहाही खंड निघाले, आणि पाच हजार पौंडांच्या आसपास प्राप्ती होऊन पोप जन्मभर कोणाच्या मिंधेपणातून सुटला. वर्गणीदारांची नावे त्याने पहिल्याच खंडात छापली. त्या यादीत सरदार-उमरावांचा भरणा मोठा होता. तेव्हा सरदाराचे दार अगदीच बंद झाले असे नव्हे. फरक एवढाच की आता एकाच्या मर्जीवर पोट नव्हते. ते शेकडोंच्या गिनीवर होते, आणि त्या शेकडोंची यादी लेखकापाशी होती.

यादी असणे आणि ती सांभाळणे या मात्र दोन गोष्टी. डॉक्टर जॉन्सनने १७५६ साली शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती काढण्यासाठी अशीच वर्गणी गोळा केली. पुस्तक निघाले १७६५ साली! पुढे कोणी एक तरुण पुस्तकविक्रेता एका वर्गणीदाराचे नाव छापील यादीत घालावे म्हणून विचारायला आला, तेव्हा जॉन्सनने त्याला सांगितले की यादी छापणे शक्य नाही; नावे हरवली आहेत आणि पैसे खर्च होऊन गेले आहेत. ही हकीकत त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने दिली आहे. जॉन्सनसारख्या मोठ्या माणसाला हे पचून गेले. आमच्या एखाद्या शाखेच्या खजिनदाराने असे उत्तर दिले असते तर पुढच्या सर्वसाधारण सभेत त्याची काय गत झाली असती, ते सांगायला नको.

विल्यम कॉबेटची कथा आम्हांला या सर्वांत जवळची वाटते. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, पलटणीत राहून स्वतःच्या कष्टाने व्याकरण शिकलेला हा माणूस १८०२ पासून ‘पोलिटिकल रजिस्टर’ नावाचे साप्ताहिक चालवीत असे. त्या वेळी इंग्लंडात वर्तमानपत्राच्या दर प्रतीवर मुद्रांक-कर होता. १८१५ पासून तो चार पेन्स झाला. त्यामुळे कॉबेटच्या पत्राची किंमत शिलिंगावर गेलेली, आणि ज्या मजुरांची बाजू तो मांडीत असे त्यांना ते घेणे परवडत नसे. नोव्हेंबर १८१६ मध्ये त्याने युक्ती काढली. बातम्या गाळून नुसता अग्रलेख एका सुट्या कागदावर छापला. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते वर्तमानपत्र ठरत नव्हते, म्हणून कर पडत नव्हता. किंमत ठेवली दोन पेन्स. पहिल्याच अंकाच्या चाळीस हजारांवर प्रती खपल्या असे सांगतात. पिठ्यांतून एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, असे चालले. प्रतिष्ठितांनी या पत्राला दोन पेन्सांचा कचरा म्हणून हिणवले. पुढे कॉबेटने तेच नाव अभिमानाने मिरवले.

मग डिसेंबर १८१९ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. बातमी किंवा बातमीवर मतप्रदर्शन असलेले, सहा पेन्सांहून स्वस्त आणि वारंवार निघणारे प्रत्येक पत्र मुद्रांकाखाली आले. कॉबेटला किंमत सहा पेन्स करावी लागली. लेखक होता तेथेच होता, त्याचा मजकूर तोच होता, वाचकाची भूकही तीच होती. मधला रस्ता तेवढा दुसऱ्याच्या मालकीचा निघाला. आणि ज्या मजुरांनी रस्त्यावरून प्रत विकत घेतली होती, त्यांची नावे कॉबेटच्या वहीत नव्हती. पुढे १८३१ पासून हेन्री हेदरिंग्टनने ‘पुअर मॅन्स गार्डियन’ हे पत्र कर न भरता, उघडउघड कायदा मोडून चालवले. ते विकणारे शेकडो लोक तुरुंगात गेले. १८३६ साली कर एका पेनीवर आला आणि १८५५ साली सुटला. तो इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

आमच्याकडचा दाखला वेगळा आहे. ‘दीनबंधु’ हे पत्र १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढले आणि १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. त्याचा खरा वाचक गिरणीतला. म्हणजे बहुतेक निरक्षर. चाळीत एकाने वाचावे व दहांनी ऐकावे, ही रीत आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत होती. पण लोखंडे नुसत्या ऐकणाऱ्यांवर थांबले नाहीत. १८८४ साली त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. श्रोत्याचे नाव कागदावर आणण्याचे हे काम होते. त्यानंतर सहा वर्षांनी, १८९० च्या जूनमध्ये, रविवारची सुटी पदरात पडली.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, हे पुढे खुद्द बाबासाहेबांनीच नमूद केले आहे. दुसऱ्याच्या पानावर आपल्याला जागा मिळेल की नाही हे पानाचा मालक ठरवतो, आणि कधी कधी तर पैसे देऊनही मिळत नाही. ही गोष्ट फेसबुकच्या आधी ऐंशी-नव्वद वर्षे आमच्या लोकांना ठाऊक होती.

आता फेसबुकाकडे वळू. २००४ साली हार्वर्ड विद्यापीठात निघालेल्या या संस्थेने ६ नोव्हेंबर २००७ रोजी न्यू यॉर्कमध्ये जाहिरातदारांपुढे आपली नवी योजना मांडली. त्यात धंद्यासाठी वेगळे पेज काढण्याची सोय होती. खाजगी खात्यावर पाच हजारांहून अधिक मित्र करता येत नसत. पेजला मात्र चाहत्यांची मर्यादा नव्हती. पेज काढायला पैसे पडत नव्हते. छपाई नाही, टपालहशील नाही, व्ही. पी. परत येण्याची धास्ती नाही. दुकानदार, नट, पुढारी यांच्याबरोबर सुट्या लेखकांनीही पेजे काढली, आणि त्यात त्यांनी चूक केली असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तालुक्याच्या गावी बसून लिहिणाऱ्याला इंदूरचा, बडोद्याचा, अमेरिकेतला मराठी वाचक गाठण्याचे इतके स्वस्त साधन पूर्वी कधीच नव्हते.

त्याने काय साधते याचे उदाहरण ब्रँडन स्टँटनचे. शिकागोत रोख्यांच्या व्यवहारात नोकरी करणाऱ्या या तरुणाची नोकरी २०१० साली गेली. तो न्यू यॉर्कला आला, रस्त्यावरच्या माणसांची छायाचित्रे घेऊ लागला, आणि पुढे त्या माणसांशी झालेले बोलणे चित्राखाली चार ओळींत लिहू लागला. ‘ह्यूमन्स ऑफ न्यू यॉर्क’ या त्याच्या पेजला लाखो लोक मिळाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याचे पुस्तक निघाले ते न्यू यॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. येथे फाटकसभेतून पावत्या फाटल्या, आणि भरपूर फाटल्या.

तथापि त्याच सुमारास पेजवाल्यांना एक गोष्ट जाणवू लागली होती. आपण लिहितो ते आपल्या सर्व चाहत्यांना दिसत नाही. २०१२ साली कंपनीनेच दिलेला आकडा असा, की पेजवरचा मजकूर सरासरीने शंभरांतल्या सोळा चाहत्यांपर्यंत पोहोचतो. ओगिल्वी या जाहिरात कंपनीने आपल्या हातांतील पेजे तपासली, तेव्हा ऑक्टोबर २०१३ मध्ये हे प्रमाण शंभरी बारा होते आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सहाच्या आसपास आले. पाच लाखांहून अधिक चाहते असलेल्या पेजांना तर शंभरांत दोघेच भेटत होते. जून २०१४ मध्ये कंपनीने खुलासा केला: एक माणूस एकदा फेसबुक उघडतो तेव्हा त्याला दाखवण्याजोग्या सरासरी दीड हजार गोष्टी जमलेल्या असतात, त्यांतल्या तीनशेच्या आसपास आम्ही निवडून पुढे करतो. जानेवारी २०१८ मध्ये झुकरबर्ग यांनी जाहीर केले की यापुढे घरच्यांचा व मित्रांचा मजकूर आधी आणि पेजांचा मागून.

कंपनीचा खुलासा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. दीड हजार माणसे एकदम बोलू लागली तर कोणीतरी निवड करायलाच हवी. आम्हीही सभेत वक्त्यांची यादी कापतो. परंतु याच्या जोडीची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. १८ मे २०१२ रोजी कंपनीचे भाग बाजारात आले, आणि त्याच महिन्यात पैसे भरून आपला मजकूर अधिक चाहत्यांपुढे नेण्याची सोय तिने पेजवाल्यांना करून दिली. म्हणजे जे चाहते लेखकाने स्वतः गोळा केले, त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याने आता नजराणा द्यायचा.

मुंबईच्या गिरण्यांची ज्यांना माहिती आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. बदली कामगार रोज सकाळी फाटकावर उभा राही. कोणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवी, आणि त्याच्या हातावर दस्तुरी ठेवल्याशिवाय पुष्कळांची पाळी लागत नसे. जॉबरची सगळी सत्ता एका गोष्टीत होती: माणसांची यादी त्याच्या डोक्यात होती, दुसऱ्या कोणापाशी नव्हती. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली-कार्डांची पद्धत आणली आणि यादी कागदावर आली, तेव्हा जॉबरचा तो हात थोडा आखडला. पूर्ण आखडला नाही, हेही खरे.

पेजचा मालक आपल्याला आकडे पुष्कळ दाखवतो. किती जणांनी पाहिले, किती जणांनी अंगठा उचलला, कोणत्या शहरातले किती. दाखवत नाही ते त्यांचे पत्ते. चाहत्यांची यादी उचलून दुसरीकडे न्यावी अशी सोय तेथे नाही. पंधरा हजार चाहत्यांच्या पेजवर बसलेला लेखक स्वतःला शिलेदार समजतो, पण घोडा पागेतला आहे.

आमच्या परिचयाच्या एक बाई बँकेचे कर्ज, विमा, वारसाची नोंद अशा व्यवहारांवर सोप्या मराठीत लिहितात. लिहिण्याचे काम मिळावे म्हणून त्यांनी पेज काढले. तीन-चार वर्षांत हजारो लोक जमले, आणि त्या जोरावर दोन नियतकालिकांचे सदरही मिळाले. मग त्यांनी स्वतःची एक पुस्तिका छापली आणि पेजवर जाहीर केली, तेव्हा तीसही प्रती गेल्या नाहीत. त्या खचून आमच्याकडे आल्या. फाटकसभा आणि पावतीपुस्तक हीच गोष्ट आम्ही त्यांना सांगितली. दुसरे आम्हांला येते तरी काय! त्यानंतर त्यांनी पुस्तिकेचे पहिले प्रकरण फुकट देऊ केले, मात्र ज्याला हवे त्याने आपले नाव आणि ई-मेलचा पत्ता कळवावा, आणि पुढे पत्र पाठवण्यास संमती द्यावी. पत्ते आले ते शेकड्यांत, हजारांत नव्हे. दर पंधरवड्याला त्या सर्वांना एक पत्र जाऊ लागले. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती त्या शेकड्यांनीच संपवली. पेज त्यांनी बंद केलेले नाही. नवी माणसे अजून तेथूनच येतात.

अमेरिकेत अँडी वीअर या संगणक-कारागिराने हेच आधी केले होते. ‘द मार्शन’ ही कादंबरी तो स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने देत असे, आणि ई-मेलने जोडलेले सुमारे तीन हजार वाचक त्याच्यापाशी होते. त्यांच्याच आग्रहावरून २०११ साली त्याने ती पुस्तकरूपाने विकायला ठेवली. २०१४ साली मोठ्या प्रकाशकाने घेतली, २०१५ साली चित्रपट निघाला. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या सबस्टॅक कंपनीने अशा पत्रांचाच धंदा केला. वर्गणीतले दहा टक्के ती घेते. दस्तुरीच ती, पण उघड सांगून घेतलेली, आणि वर्गणीदारांची यादी लेखकाला केव्हाही काढून नेता येते.

रस्ता एका दिवसात कसा बंद होतो, हे अलीकडे दोन देशांनी पाहिले. बातम्यांचे पैसे वर्तमानपत्रांना द्यावेत असा कायदा ऑस्ट्रेलियात होऊ घातला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये फेसबुकने तेथे बातम्या दाखवणे थांबवले. त्या झपाट्यात हवामान खात्याचे पेजसुद्धा काही काळ कोरे पडले. आठवड्याभरात तडजोड झाली. कॅनडाने २०२३ साली तसाच कायदा केला, तेव्हा १ ऑगस्टपासून कंपनीने तेथल्या लोकांना फेसबुकवर व इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणे बंद करायला घेतले. बंदी वर्तमानपत्रांच्या पेजांवर होती. पण एखाद्या सुट्या लेखकाने आपलाच छापून आलेला लेख आपल्या पेजवर जोडला तर तोही कॅनडातल्या वाचकाला दिसेना. पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांतले दुवे टोरांटोच्या मराठी माणसाला दिसेनासे झाले, तेही याच कारणाने. कंपनी आणि सरकार यांच्या भांडणात कोणाची बाजू न्याय्य, यावर मतभेद होऊ शकतील. लेखकाला त्या भांडणात कोणी विचारले नव्हते, एवढे निश्चित.

आणि फेसबुकनेही एकदा सबस्टॅकच्या वाटेने जाऊन पाहिले आहे. जून २०२१ मध्ये तिने स्वतंत्र लेखकांसाठी ‘बुलेटिन’ नावाची पत्रयोजना काढली आणि निवडक लेखकांना पैसे देऊन बोलावले. वर्गणीदारांची यादी लेखकाचीच राहील, असे तिने आरंभीच मान्य केले होते. तेवढे मान्य केल्यावाचून नामवंत लेखक येते ना. ऑक्टोबर २०२२ मध्ये योजना गुंडाळत असल्याचे जाहीर झाले आणि २०२३ च्या आरंभी ती बंद पडली. लेखकांनी आपापल्या याद्या उचलल्या आणि पुढचे पत्र दुसऱ्या ठिकाणाहून पाठवले.